साहेब मागे ठेवून गेले तो कुत्रा

पाटोद्याच्या तहसील कचेरीत मी तर्जुम्याच्या कामावर होतो. लोकांचे अर्ज मराठीत यायचे, सरकारचं कामकाज उर्दूत चालायचं, आणि दोघांच्या मधे मी. जन्म कुणब्याच्या घरातला, पण वडिलांनी मौलवीसाहेबांपुढं नेऊन बसवलं म्हणून नांगराऐवजी बोरू हातात आला. त्यामुळं गावात मला मान होता आणि कचेरीत नव्हता.

त्या साली नवे तहसीलदारसाहेब हैदराबादहून आले आणि त्यांचा कुत्रा नगरहून आला. नगर म्हणजे इंग्रजी हद्द, आमच्या निजामाच्या मोगलाईतून बैलगाडीनं दोन-तीन दिवसांची वाट. तिथल्या छावणीतला कुणी गोरा विलायतेला परत निघाला होता. जाताना त्यानं घरातलं सामान वाटून टाकलं, त्यात आरामखुर्ची आणि हा कुत्रा आमच्या साहेबांच्या वाट्याला आला. खुर्ची बरी होती. कुत्रा तिच्यापेक्षा देखणा होता. तांबडा-पांढरा, अंगावर रेशमासारखे लांब केस, आणि कान एवढे लोंबते की पाणी प्यायला लागला की तोंडाआधी कान भिजायचे. वय दोनेक वर्षांचं असेल. गोऱ्यानं ठेवलेलं नाव साहेबांना म्हणता येत नव्हतं, साहेब म्हणायचे ते आम्हाला कळत नव्हतं, आणि आम्ही हाक मारली तर ते कुत्र्याला कळत नव्हतं. शेवटी सगळ्यांनीच नाव सोडून दिलं.

खरं सांगायचं तर साहेबांना कुत्र्याची हौस नव्हतीच. औरंगाबादच्या वरच्या साहेबांना होती. दौऱ्यावर त्यांच्या पायाशी कुत्रा बसलेला आमच्या साहेबांनी पाहिला होता, आणि तेव्हापासून आपलेही पाय त्यांना मोकळे मोकळे वाटायला लागले होते.

कुत्रा कचेरीत साहेबांच्या मेजाखाली बसू लागला. अर्जदार आत आला की आधी साहेबांना वाकून सलाम, मग थोडं आणखी वाकून कुत्र्याला. कुणी जिलबी आणायचं, कुणी बुंदीचा लाडू, कुणी तुपात बुडवलेली पोळी. साहेबांना काही द्यायचं तर लोक मागंपुढं बघायचे. कुत्र्याला देताना तसं काही नव्हतं. साहेब खूश होत, कुत्रा खात असे, आणि मी अर्जाचा तर्जुमा करत असे.

दोन महिन्यांत गावाला कुत्र्यांचं वेड लागलं. पहिला मान अर्थातच देशमुखांचा. त्यांनी नगरला खास गाडी धाडून एक तपकिरी रंगाची उंच कुत्री आणवली. "छावणीचं रगत हाय," ते येईल त्याला सांगत. मग महसुलाच्या गिरदावरानं आणलं, वकिलानं आणलं. ज्यांना नगर परवडत नव्हतं त्यांनी गल्लीतलंच एखादं पकडून, राखेनं घासून, गळ्यात लाल पट्टा घालून दाराशी बांधलं. कालपर्यंत ज्याच्या पेकाटात धोंडा घालत होते, त्याची आई कोण नि बाप कोण यावर पारावर वाद होऊ लागले. स्वतःच्या आज्याचं नाव धड न सांगता येणारी माणसं कुत्र्याच्या सात पिढ्या सांगायची.

पण हौस ती दारापुरती. देशमुखांची कुत्री वेशीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी बांधली होती, हातभर दोरानं, भर उन्हात. मी तिथून कचेरीला जायचो. तिच्यापुढं पितळी घमेलं असायचं, चकचकीत घासलेलं आणि कोरडं ठण्ण. एकदा मी भीत भीत म्हणालो, "देशमुखसाहेब, हिला पाणी पाहिजे वाटतं."

"कुत्रं हाय ते," देशमुख म्हणाले. "हत्ती थोडंच हाय हौद भरायला?"

देशमुखांकडं हुक्का भरायला वेगळा माणूस होता, छत्री धरायला वेगळा. पाणी घालायच्या कामावर कुणाची नेमणूक झालेली नव्हती.

साहेबांच्या कुत्र्याचं दुःख उलटं होतं. त्याच्यावर सगळ्यांचीच नेमणूक झालेली. पावसाळा उलटेपर्यंत तो असा फुगला की मेजाखालून निघताना मेज हलायचं. मग तो डोकं झटकायला लागला. दिवसभर पटापटा कान आपटायचे. खाणं कमी झालं. पायाच्या बोटांमधे, कानांच्या आत गोचड्या तुरीच्या दाण्यासारख्या टरारल्या. साहेब घाबरले, कारण वरचे साहेब दिवाळीनंतर दौऱ्यावर येणार होते.

बीडहून सलोतरी बोलावला. सलोतरी म्हणजे सरकारी घोड्यांचा वैद्य. त्यानं आयुष्यात घोड्याशिवाय काही पाहिलेलं नव्हतं आणि पाहायची इच्छाही नव्हती. त्यानं कुत्र्याचं तोंड उघडून दात मोजले, पुढचा पाय उचलून तळवा असा बघितला जणू नाल ठोकायचा आहे, आणि एक बाटली देऊन गेला. मात्रा बहुधा घोड्याचीच होती. कुत्रा दोन दिवस ओकत आणि हगत राहिला. मग वैद्यबुवा म्हणाले उष्णता आहे, हकीमसाहेब म्हणाले थंडी आहे. कुत्रा दोघांकडं सारख्याच अविश्वासानं बघत होता.

अशात एक धनगर चराईचा अर्ज घेऊन आला. पन्नाशीचा, काळाकभिन्न, खांद्यावर घोंगडी. मी त्याचा अर्ज साहेबांना वाचून दाखवत होतो आणि हा गडी साहेबांकडं न बघता मेजाखाली बघत होता. मधेच म्हणाला, "चराईचं ऱ्हाऊ द्या साहेब. ह्येच्या कानाचं बघा आदी."

"क्या कहता है?" साहेबांनी विचारलं. मी सांगितलं.

"कान सडलाय," धनगर म्हणाला. "घान वास सुटलाय की. तुमाला कुनालाच येईना का?"

येत होता. आम्हा सगळ्यांना आठ दिवस येत होता. पण साहेबांच्या दालनात घाण वास येतो हे साहेबांना सांगणार कोण? आणि साहेबांना वाटत होतं की तो वास अर्जदारांचा आहे.

धनगरानं कुत्र्याला अंगणातल्या कडुलिंबाखाली नेलं. मेंढ्या भादरायच्या कातरीनं कानाभोवतालचे केस कापले. लिंबाचा पाला उकळवून घेतला, पाणी कोमट झाल्यावर मऊ धडप्यानं कान आतून पुसले. कुत्रा कळवळला, पण चावला नाही. मग मांडीवर घेऊन एकेक गोचडी काढून घासलेटच्या वाटीत टाकत बसला. हे करताना तो बोलत होता, आणि ते ऐकायला मी एकटाच जवळ होतो.

"जिलबी बंद. आजचा दिस नुसतं पानी. उद्यापून भाकर ताकात कुस्करून, कवा बिनतिखटाचं मटनाचं पानी. सकाळ-सांज कोसभर हिंडवायचा. कान रोज बघायचे आन् कोरडे ठिवायचे. लांब कानाला वारा लागत न्हाई, मंग आत कुजतंय."

"रोज?" मी विचारलं.

"तुमी रोज जेवता न्हवं?" तो म्हणाला.

कचेरीतला एकही चपराशी कुत्र्याच्या कानाला हात लावायला तयार होईना. सगळ्यांच्या इभ्रतीचा सवाल होता. तेव्हा साहेबांनी लेखी हुकूम काढला की ही खिदमत तर्जुमानवीसानं करावी. मराठीत आणि उर्दूत तो हुकूम लिहिला मीच. अशा रीतीनं मी सरकारी कानसाफ झालो.

तीन आठवड्यांत कुत्रा उड्या मारायला लागला. साहेबांनी खूश होऊन बीडच्या सलोतऱ्याला शाबासकीचं पत्र पाठवलं. धनगराचा चराईचा अर्ज पुढच्या चौकशीसाठी ठेवला. दोन्ही कागद माझ्याच हातचे आहेत, अक्षर चांगलं आहे.

पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली. गाड्या भरल्या. आरामखुर्ची उलटी करून शेवटच्या गाडीवर बांधली गेली, आणि कुत्र्याला जागा उरली नाही. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. "अमानत है," ते म्हणाले. "मैं आदमी भेज के मंगवा लूँगा." कुत्रा शेवटच्या गाडीमागं नदीपर्यंत धावला. नदीत थांबून पाणी प्याला, दोन्ही कान भिजवले, आणि गाड्या दिसेनाशा झाल्यावर ओल्या कानांनी माझ्या दाराशी येऊन बसला.

माझी बायको दारात उभी होती. "हे पाव्हणं किती दिस?"

"आठ-पंधरा दिस. माणूस येणार हाय न्यायला."

"बरं," ती म्हणाली, आणि जुनं मातीचं भांडं पाण्यानं भरून त्याच्यापुढं ठेवला. त्या दिवसापासून त्याचं नाव पाव्हणा पडलं.

मी साहेबांना तीन पत्रं धाडली. तिसऱ्याला उत्तर आलं. हुक्क्याची चांदीची मुखनळी दालनातल्या कोनाड्यात राहिली आहे का, ते बघून कळवावं. कुत्र्याविषयी एक अक्षर नव्हतं. मी कळवलं की कोनाड्यात काही नाही.

नवे साहेब आले. त्यांना कुत्र्यांचा तिटकारा होता आणि गुलाबाची हौस. हे गावात दुपारपर्यंत कळलं आणि संध्याकाळपर्यंत सगळे दोर सुटले. ज्या खुंट्यांना छावणीचं रक्त बांधलेलं होतं, तिथं खड्डे खणून गुलाबाच्या काड्या खोचल्या गेल्या. देशमुखांनी आपली तपकिरी कुत्री बाजारात नेऊन सोडली, तेव्हा ती गाभण होती. लाल पट्टे मात्र प्रत्येकानं आठवणीनं काढून घेतले. बांधून ठेवलेल्या जनावराला भाकरी शोधता येत नाही. ती सगळी खाटकाच्या दुकानापुढं आणि बाजारतळावर जमली, भांडली, व्याली, आणि दोन वर्षांत पाटोद्यात माणसाला काठीशिवाय बाजारात जाता येईना.

मग एका उन्हाळ्यात एक पिसाळलेलं कुत्रं तिघांना चावलं. त्यातली एक कोष्ट्याची सून होती. महिन्याभरानं ती पाण्याचा तांब्या पाहून ओरडत ओरडत गेली. तिच्या घरावरून मी रोज जायचो. त्या ओरडण्याविषयी मला काही लिहायचं नाही. एवढंच म्हणतो की बाजारात इतकी कुत्री आली कुठून, असं विचारणारा एकही अर्ज तर्जुम्यासाठी माझ्याकडं आला नाही.

हुकूम निघाला. ज्याचं कुत्रं असेल त्यानं तीन दिवसांत कचेरीत येऊन तसं लिहून द्यावं, गळ्यात पट्टा घालावा आणि बांधून ठेवावं. बाकीची लावारिस समजून कोंडवाड्यात घालावीत आणि गोळीनं मारावीत. मी लिहिला, दवंडीवाल्याला समजावून सांगितला. तीन दिवस मी कोरा कागद पुढं घेऊन बसलो. कुणी आलं नाही. सात पिढ्या सांगणाऱ्यांपैकी एकही जण उंबरा चढला नाही.

आणि मीही माझ्या नावाची ओळ लिहिली नव्हती. का नाही, ते तेव्हाही मला नीट सांगता आलं नसतं. नव्या साहेबांच्या नजरेत यायचं नव्हतं, बस. पाव्हणा सवयीनं माझ्यामागं कचेरीत यायचा आणि माझ्या मेजाखाली गपचूप पडून राहायचा. चौथ्या दिवशी साहेब त्या बाजूनं गेले आणि थबकले.

"ये किसका कुत्ता है?"

मी उठून उभा राहिलो. "पुराने साहब का है, हुजूर."

"पुराने साहब कहाँ हैं?"

"हैदराबाद में, हुजूर."

"तो फिर लावारिस हुआ."

चपराशानं गळ्यात दोर अडकवला. पाव्हण्याला वाटलं हिंडायला न्यायचंय. तो शेपूट हलवत निघाला, दारात थांबून त्यानं मागं पाहिलं, मी येतोय का ते. मी बसलो आणि पुढचा अर्ज घेतला. अर्जदार पिंपळवंडीकडचा कुणी शेतकरी होता. त्याच्या अर्जात मी त्या दिवशी दोन चुका केल्या.

दुपारी जेवायला घरी आलो. बायको भाकरी थापत होती. "पाव्हणं कुठं हायती?"

मी सांगितलं. सांगताना हुकूम हा शब्द मी चार-पाच वेळा वापरला असेन.

"हुकूम कुनी लिवला?"

"मी."

"मंग आता दुसरा लिवा." तिनं हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि तव्यावरची भाकरी तशीच ठेवून निघाली. कारकुनाची बायको भर दुपारी बाजारातून एकटी चालत जाते हे पाटोद्यानं आधी पाहिलेलं नव्हतं. दुकानदार फळ्यांवर उठून उभे राहिले. मी तिच्यामागं वीस पावलांवर, भिंतीच्या कडेकडेनं.

कोंडवाड्यात तीस-चाळीस कुत्री होती. दारात जमादार बंदूक टेकवून बसला होता. "बाई, तुमी कावून आलाव? मालकाला पाठवा की."

"मालक येतायत मागून. सावलीसावलीनं."

बघे हसले. मी पोचलो तोवर पाव्हणा भिंतीवर पाय टेकवून तिच्या हाताला नाक लावत होता.

"ह्यो आमचा हाय," ती म्हणाली.

"लिहून द्यावं लागंल बाई. कुनाला चावला तर जबाबदारी तुमची."

"चावला तर आमची. आजारी पडला तर आमची. मेला तर पुरायची बी आमचीच." आणि माझ्याकडं वळून, "लिवा वो."

मी कोंडवाड्याच्या भिंतीवर कागद ठेवून लिहिलं आणि दस्तखत केलं. आयुष्यात हजारो कागद लिहिले, पण कुणाच्या सांगण्यावरून इतका चटकन कधी लिहिला नव्हता.

तेवढ्यात तो धनगर आला. मेंढरांबरोबर रानात होता, दवंडी त्याच्या कानावर उशिरा गेली होती. त्याची दोन कुत्री आत होती; ती त्यानं ओळखून काढली. मग तो तिसरीपाशी थांबला. देशमुखांची ती तपकिरी कुत्री. बरगड्या मोजून घ्याव्यात, थानं लोंबलेली, एका कानाचा तुकडा गेलेला. रस्त्यापलीकडं छत्रीखाली खुद्द देशमुख उभे होते, कारण गावात काही बघण्यासारखं असलं की ते असायचेच. कुत्रीनं त्यांना पाहिलं आणि शेपूट हलवली. तिची सगळी कमरच हलली.

"देशमुखसाहेब," जमादार म्हणाला, "ही तुमचीच न्हवं का?"

"छे बा. आमची लई मोठी व्हती."

"माजी हाय," धनगर म्हणाला. "उपाशी ऱ्हाऊन ल्हान झाली."

त्यानं घोंगडीचा दोर तिच्या गळ्यात घातला. कागदावर त्याचा अंगठा मी घेतला. त्या गावात आपलं म्हणायला आलेले आम्ही दोनच, त्यातला एक बायकोनं आणलेला.

उरलेल्यांवर त्याच दिवशी दुपार कलताना गोळ्या झाडल्या. आवाज आमच्या घरापर्यंत येत होते. पाव्हणा कणगीमागं शिरून थरथरत होता आणि बायको त्याच्याजवळ जमिनीवर बसली होती. मी जळकी भाकरी कुस्करून जेवलो. पोटभर जेवलो. लाज वाटते म्हणूनच लिहून ठेवतोय.

त्यानंतर पाव्हणा दहा वर्षं आमच्याकडं होता. घरात त्याचे कायदे बायकोनं केले आणि ते निजामसरकारच्या कायद्यांपेक्षा कडक होते. कान रोज, हे काम माझं. गोचड्या एक दिवसाआड, हे तिचं. फणी तिची जुनी, मोडक्या दातांची. उन्हाळ्याच्या तोंडाशी धनगराकडून केस कातरून घ्यायचे. पाणी दोनदा बदलायचं. कोंबडीचं हाड घालायचं नाही, पाहुण्यारावळ्यांनी ताटातलं काही टाकायचं नाही. माझ्या सख्ख्या मामानं एकदा पुरणपोळी टाकली, तर तिनं त्यांच्या देखत उचलून घेतली. भाद्रपदात त्याला बाहेर सोडायचं नाही. तो महिनाभर रडायचा, शेजारी कुरकुरायचे, "बाई, सोडा की, जनावराचा जलम हाय."

"सोडते," ती म्हणायची. "धा पिल्लं झाली की तुमच्या दारात आनून घालते. चालंल?"

मग शेजारी कुरकुरायचे थांबत.

लोक आम्हाला हसायचे. कुत्र्याचा कान पुसणारा कारकून म्हणून बाजारात माझी ओळख झाली. एक वकील तर मला भेटला की स्वतःचा कान पुढं करायचा. मला राग यायचा, पण घरी जाऊन मी कान पुसायचोच, कारण एकदा चार दिवस टाळाटाळ केली होती आणि पाचव्या दिवशी तो पुन्हा डोकं झटकायला लागला होता. जनावराला सबब सांगता येत नाही. त्यानं ती ऐकून घेतली असती, ही त्यातली वाईट गोष्ट.

तो म्हातारा झाला तेव्हा जुने साहेब दौऱ्यावर आले. आता ते फार मोठे साहेब होते. आमराईत तंबू पडले. ते कचेरीत आले तेव्हा पाव्हणा ओसरीच्या पायरीवर ऊन खात पडला होता, डोळ्यांवर निळसर साय धरलेली. साहेब त्याला ओलांडून आत आले. आत बसल्यावर बरोबरच्या अंमलदारांना त्यांनी सांगितलं की या पाटोद्यात त्यांचा एक नामी विलायती कुत्रा तापानं गेला. स्वतःच्या हातानं पुरला. तीन दिवस घशाखाली घास उतरला नाही. अंमलदार हळहळले. मी तिथंच उभा होतो. कसला तरी कागद हातात होता.

निघताना त्यांची नजर पायरीवर गेली. "ये किसका है?"

"मेरा, हुजूर."

पाव्हण्यानं मान वर करून त्यांचा बूट हुंगला आणि शिंकला.

"बहुत बूढ़ा हो गया," साहेब म्हणाले. "गोली क्यों नहीं मार देते बेचारे को?"

"जी हुजूर," मी म्हणालो, आणि त्याला उचलून सावलीत नेलं. साहेबांना खरं सांगायचं धाडस मला तेव्हाही झालं नाही. पण 'मेरा' म्हणताना आवाज कापला नव्हता, हे मी घरी आल्यावर बायकोला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता कान पुसा."

शेवटचं वर्ष अवघड गेलं. मागचे पाय गेले. बायकोनं जुन्या लुगड्याची झोळी केली. ती पोटाखालून घालायची, मी मागची बाजू उचलायचो, तो पुढच्या दोन पायांवर चालायचा, असे आम्ही तिघं सकाळी परसात जायचो. रात्रीचं ओलं होई ते गोणपाट ती रोज धुवायची. दात पडले तेव्हा भाकरी दुधात भिजवून बोटानं भरवायची. देशमुख एकदा दारावरून जाताना थांबले. आता तेही काठी टेकत होते. बराच वेळ बघून म्हणाले, "इतकी सेवा तर आमी बापाची केली न्हाई."

"मंग करायची व्हती," बायको म्हणाली. मान वर न करता.

तो एका सकाळी गेला, ऊन अंगणात यायच्या वेळेला, तिच्या मांडीवर डोकं ठेवून. आम्ही परसात शेवग्याखाली खोल खड्डा खणला. खोल, कारण वरवर पुरलं तर कोल्ही उकरतात, असं तिनं मला दोनदा बजावलं. खणायला मला अर्धा दिवस लागला. हाताला फोड आले. बोरू धरणारे हात ते. कचेरीत गेलो नाही म्हणून दुसऱ्या दिवशी जाब विचारला गेला, तेव्हा मी घरात मयत झाल्याचं सांगितलं. कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही.

महिन्याभरानं धनगर आला. साठी उलटली होती तरी पाठ ताठ होती. घोंगडीतून त्यानं एक पिल्लू काढून ओसरीवर ठेवलं. तपकिरी, जाड पंजांचं. कोंडवाड्यातून त्यानं नेलेल्या त्या कुत्रीच्या नातवंडांपैकी. पिल्लू धडपडत सरळ बायकोच्या पायाशी गेलं आणि लुगड्याचा काठ चावू लागलं. तिनं उचललं. कानात बघितलं, पोट दाबून बघितलं, बोटांमधे बघितलं, आणि ते हनुवटीखाली धरून बराच वेळ बसून राहिली.

मग तिनं ते धनगराच्या हातात परत दिलं.

"कावून वो वैनी? चांगलं हाय की."

"लई चांगलं हाय, दादा. म्हनूनच. ह्ये चवदा-पंधरा वर्सं जगायचं. माजी कंबर आत्ताच धरती. मी आदी गेले तर ह्येचं कोन बघंल?" तिनं माझ्याकडं बोट केलं. "ह्ये? ह्येंचंच कोन तरी बघाया पायजे."

धनगर हसला नाही. "बराबर हाय," म्हणाला, आणि पिल्लू घोंगडीत गुंडाळून घेतलं. ती त्याच्याबरोबर फाटकापर्यंत गेली. पिल्लाला जंत झालेत, पोट फुगलंय, वावडिंग उगाळून दे, असं काहीबाही सांगत होती, आणि तो जणू पहिल्यांदाच ऐकतोय अशी मान डोलवत होता.

मला ते पिल्लू हवं होतं. मी तसं बोललो नाही, कारण तिचा हिशेब बरोबर होता आणि माझ्याविषयीचं मतही. ती परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. लुगड्याच्या काठाला पिल्लाच्या दातांनी पाडलेलं भोक होतं. ते शिवायला म्हणून ती सुई-दोरा घेऊन उजेडात बसली. मी सुईत दोरा ओवून दिला.